जाडं मीठ, एक डबा

मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वॉशर, बेअरिंग, गॅसकेट, नट, बोल्ट असा साडेचार हजार प्रकारचा माल माझ्या ताब्यात आहे आणि त्यातलं एकही खोकं मी आत डोकावून ओळखत नाही. लेबल बघतो. लेबलावर लिहिलंय तेच आत असतं, या एका विश्वासावर मी इतकी वर्षं पगार घेतला. कारखान्यात मला सगळे मामा म्हणतात. घरात मला मामा बनवायचं काम आमची ही करायची आणि ते तिने चौतीस वर्षं मन लावून केलं.

ही जाऊन अकरा महिने झाले.

आमच्यात एक खेळ होता, तो आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी साखर तपासली आणि गोड बंद केलं. ही दर हिवाळ्यात संत्र्याच्या साली जमवून ठेवायची. उकळून कडूपणा काढायची, साखरेत मुरवायची, वाळवून पट्ट्या करायची आणि वर परत साखर भुरभुरवायची. डॉक्टरांचं ऐकून करणं थांबवायचं, तर ते तिला जमेना. मग तिने तोडगा काढला. पट्ट्यांचा डबा ती घरात लपवायची आणि रविवारी मला एक पट्टी द्यायची. मधल्या दिवसांत मी शोधायचं. सापडला तर अख्खा डबा माझा, डॉक्टर गेले उडत.

सहा वर्षांत मला तो एकदाही सापडला नाही. माळ्यावर चढलो, गाद्या उलथल्या, बुटांच्या खोक्यांत बघितलं, एकदा तर धुण्याच्या मशीनमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. ही स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून भाजी निवडायची आणि म्हणायची, "स्टोअरकीपर, लांब कशाला जाता?"

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी घरभर संत्र्याचा वास होता. बॅग भरता भरता ती म्हणाली, "डबा ठेवलाय. मी यायच्या आत सापडला तर तुमचा. नाहीतर रविवारी एक, नेहमीसारखी."

ती आली नाही. मी डबा शोधत राहिलो. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आईने या वेळी केलंच नसेल. तिच्यात उभं राहायची ताकद तरी होती का?" पण वास मला आला होता. नाक माझं अजून शाबूत आहे. गोड खायची वासना म्हणाल तर ती उरली नव्हती. तो डबा सापडायला हवा होता, एवढंच. ती शेवटचं काहीतरी ठेवून गेली होती आणि ते कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. स्टोअरकीपरला यापेक्षा वाईट गोष्ट नाही.

आता कारखान्याची गोष्ट. आमच्या मागच्या भिंतीला लागून एक तीन मजली इमारत आहे. तिच्यात बारा म्हातारी माणसं राहतात, प्रत्येक जण एकटं. लिफ्ट बंद पडून दोन वर्षं झाली, कोपऱ्यावरचं दुकान मालकाने विकलं, आणि पुढचं दुकान दोन चौक पलीकडे. पर्सनलच्या मॅडमनी एकदा खिडकीतून बघितलं, की तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई दोरीला टोपली बांधून खाली सोडतायत आणि खाली टोपलीत काही टाकायला कुणीच नाहीये. मॅडमचं मन लगेच विरघळतं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला: कामगारांनी कोरडा शिधा आणावा, महिन्यातून एकदा बारा पिशव्या भरून मागच्या इमारतीत द्याव्यात.

मग त्या माझ्याकडे आल्या. "मामा, हे तुम्हीच बघा. तुम्हाला आता संध्याकाळी तसा वेळ असतो ना?"

असं लोक बोलतात. मनात वाईट नसतं. मी हो म्हटलं.

मी तीन नियम केले. माल सीलबंद हवा. वर लेबल हवं. आणि स्टोअरच्या रजिस्टरात नोंद झाल्याशिवाय काही आत येणार नाही. फिटर माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "मामा, म्हाताऱ्यांना जेवू घालताय की पंप जोडताय?"

"तू काय आणलंस ते दाखव."

त्याने ओट्सची अकरा पाकिटं काढली. त्याच्या बायकोने त्याचं पोट कमी करायला ती आणून ठेवली होती. दान म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं. माणूस आपल्याला जे नकोय ते देतो. कँटीनवाल्याने न खपलेली बिस्किटं दिली. अकाउंटच्या साहेबांनी सासूने पाठवलेला चहा दिला, वाससुद्धा न घेता. साबण इतके आले, की बारा जणांनी रोज तीनदा आंघोळ केली असती. आणि मीठ कुणी आणलंच नाही; दुकानात उरलेली अकरा पाकिटं शेवटी मीच आणली. दान करताना मीठ कुणाला आठवत नाही.

वाटपाच्या आदल्या दिवशी मी पिशव्या मोजल्या तर सहा पिशव्यांत काही ना काही कमी पडत होतं. दुकानं बंद व्हायच्या वेळेला कुठे धावणार? घरी गेलो. स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या उघड्या फळीवर हिचे चौदा डबे ओळीने उभे होते. दुधाच्या पावडरचे जुने पत्र्याचे डबे, सगळे एका मापाचे, प्रत्येकाच्या झाकणाभोवती मुंग्या जाऊ नयेत म्हणून चिकटपट्टी आणि वर हिच्या अक्षरात कागदाचं लेबल. अकरा महिन्यांत मी एकाला हात लावला नव्हता. दुपारी मी कँटीनमध्ये जेवतो, रात्री पाव आणि उकडलेलं अंडं. चहा बिनसाखरेचा, तो चहाच्या पिशव्यांचा.

त्या डब्यांपुढे मी बराच वेळ उभा होतो. मग म्हटलं, फळीवर ठेवून काय लोणचं घालायचंय? कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. कमी पडत होतं तेवढेच सहा उचलले. साखर, जाडं मीठ, चहा, तांदूळ, मसूर, वाटाणे. मिठाचा डबा हलका लागला. वाटलं, अर्धा संपला असेल.

सकाळी रजिस्टरात लिहिलं. साखर, एक डबा, पिशवी दोन. जाडं मीठ, एक डबा, पिशवी सात. बाकीचेही तसेच लिहिले. सीलबंद आहे, लेबल आहे, नोंद आहे. मी आणि फिटरने बारा पिशव्या तीन मजले चढवल्या आणि दारोदार दिल्या. मॅडमनी फोटो काढला. त्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत आणि आता वाटतं, ते बरोबरच आहे.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला वॉचमन स्टोअरच्या खिडकीशी आला. "मामा, गेटवर एक आजीबाई आल्यात. तुम्हाला बोलावतायत. आवाज असा आहे, की मी आपोआप उभा राहिलो."

गेटवर पहिल्या मजल्यावरच्या हेडबाई होत्या. तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका, आता ऐंशीच्या पुढे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला.

"प्या."

"बाई, मी बिनसाखरेचा..."

"बिनसाखरेचाच आहे. प्या म्हटलं ना."

मी घोट घेतला आणि तो जिथून आला तिथे परत गेला. समुद्रसुद्धा एवढा खारट नसेल. माझ्या मागे फिटर उभा होता, तो भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला.

"मी तीन चमचे घालते," हेडबाई म्हणाल्या. "या वयात तेवढी एकच चैन. चार दिवस मला वाटलं, माझी जीभ गेली. शेवटी शेजारणीला पाजला. ती आता माझ्याशी बोलत नाही." त्यांनी पिशवीतून डबा काढला. वर लेबल होतं, साखर. त्यांनी चष्मा सारखा केला. "अक्षर कुणाचं आहे हे?"

"आमच्या हिचं."

"अक्षर छान आहे. वळण आहे. मजकूर खोटा आहे."

मी डब्यात बोट घालून चाटलं. जाडं मीठ होतं. तिथेच गेटवर, वॉचमनच्या स्टुलावर, मी बसलो. लेबलावर साखर आणि आत मीठ. हिच्या हातून चूक व्हायची नाही. ही मसाल्याच्या डब्यातसुद्धा चमचे एका दिशेने ठेवायची. चूक नव्हती, तर मग ते मुद्दाम होतं. आणि साखरेच्या डब्यात मीठ असेल, तर मिठाच्या डब्यात काय होतं?

मला तो हलका डबा आठवला. तिचं वाक्यही आठवलं, लांब कशाला जाता. चौदा डबे माझ्या नाकासमोर उभे होते. सहा वर्षं मी धुण्याच्या मशीनमध्ये हात घालत होतो आणि ती खुर्चीत बसून त्या फळीकडे तोंड करून भाजी निवडत होती. तिला माझा स्वभाव ठाऊक होता. हा माणूस लेबल वाचेल आणि पुढे जाईल.

आणि मी तो डबा माझ्या हाताने, रजिस्टरात नोंद करून, देऊन टाकला होता. पाच दिवस झाले होते.

"तब्येत ठीक आहे ना?" हेडबाईंनी विचारलं. "चहा तेवढाही वाईट नव्हता."

"फिटर," मी म्हणालो, "पिशवी सात. चल."

पिशवी सात म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. जेवणाच्या सुट्टीची पस्तीस मिनिटं शिल्लक होती. जिन्यात फिटर म्हणाला, "सांगायचं काय? बायकोचा डबा परत द्या म्हणून?"

"दान दिलेलं परत मागतात का कुठे? तपासणी म्हणायचं."

"कसली?"

"मालाची."

पोस्टमननी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभे राहिले. उंच, वाकलेला म्हातारा, भरघोस मिशा. मी रजिस्टर उघडून सांगितलं, की माल तपासायचा आहे, मिठाचा डबा दाखवा.

"मीठ?" ते म्हणाले. "मला बी.पी. आहे. मीठ बंद. ते मी खालच्या शिंप्याला देऊन टाकलं. त्याने मला थोडा चहा दिला. तुम्ही चांगलं करताय बरं का हे काम." आणि दार लावलं.

खाली उतरताना फिटर हळूच म्हणाला, "मामा, त्यांच्या मिशीला मीठ लागलं होतं."

"कसलं मीठ?"

"पांढरे कण. बी.पी. वाल्याच्या मिशीला मीठ कशाला?"

मला तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.

शिंपी तळमजल्यावर राहतो. नजर अधू झाली म्हणून काम सोडलं, पण मशीन अजून खिडकीत आहे. त्याच्या टेबलावर आमचा वाटाण्यांचा डबा होता, झाकण उघडं, आणि तो डब्यातून एकेक उचलून रंग बघून वेगळं ठेवत होता. वाटाणे नव्हते. बटणं होती. शर्टाची, कोटाची, हिच्या जुन्या स्वेटरांची.

"भाऊ, वाटाणे फारच छान दिलेत," तो म्हणाला. "शिजत नाहीत, पण काजात बरोबर बसतात."

"तक्रार का नाही केली?"

"वाटाणे असते तर केली असती."

"मिठाचा डबा कुठाय?"

त्याने एक हिरवं बटण उजेडाला धरलं. "ते होय. ते मी वर मेट्रनबाईंना दिलं. तिसरा मजला. मला किडनीचा त्रास, मीठ चालत नाही." हे तो फार सावकाश बोलला आणि बोलून झाल्यावर त्याने टेबलामागून वर जाणाऱ्या नळावर पान्याने दोनदा ठोकलं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, नळ अडकतो.

फिटरने माझ्याकडे बघितलं. नळ अडकतो की नाही, हे त्याला आवाजावरून कळतं.

तीन मजले चढलो. मेट्रनबाई सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं होत्या. दोरीला टोपली बांधणाऱ्या त्या ह्याच. लहानखुऱ्या, पांढरी स्वच्छ साडी, केस घट्ट बांधलेले. आम्ही पोचायच्या आधीच दार उघडून उभ्या होत्या, जणू कुणी वर्दी दिली होती.

"मीठ ना? ते मी मोरीत ओतलं. नळी तुंबली होती. मिठाने सुटते."

मी भिंतीला हात टेकला. मला वाटतं, माझ्या चेहऱ्याचं काहीतरी झालं असेल, कारण त्यांनी ताबडतोब माझं मनगट पकडलं आणि नाडी बघायला लागल्या. सवय. त्या वाकल्या तेव्हा मला वास आला. संत्र्याचा. अगदी हलका, त्यांच्या पदराला, बोटांना. त्या दिवशी घरभर होता तोच.

"मेट्रनबाई," मी म्हणालो, "पोस्टमनच्या मिशीला मीठ नव्हतं. ती साखर होती."

त्यांनी मनगट सोडलं नाही. "नाडी जलद आहे तुमची. बसा."

मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तपासणी वगैरे काही नाही म्हणून सांगितलं. खेळ सांगितला, सहा वर्षं सांगितली, दवाखान्याची बॅग सांगितली. फिटरलाही हे ठाऊक नव्हतं. तो दारात स्क्रू ड्रायव्हर फिरवत उभा राहिला.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अकरा महिने शोधताय?"

"हो."

"आणि डबा समोर होता."

"हो."

"मग मी आता उठून तुमच्या हातात दिला, तर त्याला सापडला म्हणायचं का?"

मी मांडीवरचं रजिस्टर मिटलं.

"त्या बाई एवढ्या मेहनतीने लपवून गेल्या, आणि तुम्ही पावती दाखवून घेऊन जाणार? तसं नाही चालायचं." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "डबा या खोलीत आहे. मला मधुमेह आहे आणि माझा मुलगा दर शनिवारी येऊन कपाटं तपासतो, गोड सापडलं की उचलून नेतो. त्याला अजून सापडलेलं नाही. सुट्टी संपायला किती वेळ आहे?"

"बारा मिनिटं," फिटर म्हणाला.

"दहा घ्या. सापडला तर तुमचा."

शब्दही तेच. मी उठलो.

तोवर दारात गर्दी झाली होती. पोस्टमन आले होते, शिंपी धापा टाकत आला होता. पोस्टमनची मिशी आता पुसलेली होती. मला सगळा डाव कळला. पोस्टमननी मला शिंप्याकडे पाठवलं, शिंप्याने नळ ठोकून वर निरोप दिला, आणि तेवढ्या वेळात इथे डबा लपला. देवाणघेवाण झालीच नव्हती.

"पहिल्यांदा उघडला कुणी?" मी विचारलं.

पोस्टमननी घसा साफ केला. "मी. आयुष्यभर पार्सलं हलवून बघितलीत. मीठ असं वाजत नाही."

मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेलो. तिथे बरण्या होत्या, प्रत्येकीला लेबल. मी मोठ्या हुशारीने मीठ लिहिलेली बरणी उघडली. मीठ होतं. मागे शिंपी खुदकन हसला. साखर लिहिलेली उघडली, तर त्यात कापसाचे बोळे.

"सात मिनिटं," फिटर म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"घड्याळाच्या."

मी थांबलो. हिची युक्ती काय होती? तिने गोड मिठात लपवलं, कारण डॉक्टरांनी मीठही कमी करायला सांगितलं होतं आणि मला त्याचा मोह नव्हता. म्हणजे वस्तू तिथे ठेवायची, जिथे शोधणाऱ्याला हात घालावासा वाटत नाही. इथे शोधणारा कोण? मी नाही. शनिवारी येणारा मुलगा. एका धडधाकट मुलाला आपल्या आईच्या खोलीत कशाला हात लावावासा वाटणार नाही?

पलंगाशेजारी औषधांचं कपाट होतं. खालच्या कप्प्यात दवाखान्यातला जुना पांढरा पत्र्याचा डबा होता, वर लाल अक्षरात: एनिमाचं सामान. फिटर एक पाऊल मागे सरकला. मी तो उचलला. हलका होता. दारात शिंप्याने पोस्टमनचा दंड धरला.

झाकण काढलं. आत आमचा डबा होता, लेबल तसंच, जाडं मीठ. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला हिने पेन्सिलीने लिहिलं होतं: एका वेळी एकच.

"म्हणून आम्ही रोज एकेकच घेतली," मेट्रनबाई म्हणाल्या. "चार वाजता, जिन्यात बसून. लेखी सूचना होती."

डबा निम्म्याहून थोडा जास्त भरलेला होता. मी एक पट्टी उचलली. थोडी कडक झाली होती. आधी साखर लागली, मग सालीचा तो किंचित कडूपणा, जो ती पूर्ण कधीच काढायची नाही, कारण काढला तर मजा जाते म्हणायची. मी कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो आणि चावत राहिलो. पोस्टमननी एकदा नाक शिंकरलं.

कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा फिटरने माझ्या पाठीवर हात ठेवला. "मामा, चला. पगार कापतील."

निघणार एवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. हेडबाई होत्या. दोन मजले चढून आल्या होत्या, वर्षभरात पहिल्यांदाच म्हणे. त्यांनी डबा बघितला, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि एका दमात समजून घेतलं.

"अच्छा. मला मीठ आणि यांना हे? पाच दिवस? आणि कुणाला वर्गात सांगावंसं वाटलं नाही?"

पोस्टमन शिंप्याच्या मागे गेले. मी डबा पुढे केला. त्यांनी एक पट्टी घेतली, खाल्ली, डोळे मिटले. "हिला माझ्याकडून पैकीच्या पैकी," त्या म्हणाल्या. "एक गुण कमी, कारण खोटं लिहिलं."

डबा माझा होता, जिंकून घेतलेला. पण घरी नेला असता तर एका वेळी एकच झाली नसती, मी मला ओळखतो. तो मी मेट्रनबाईंकडेच ठेवला, एनिमाच्या सामानात. माझी एक, रविवारी चार वाजता, जिन्यात.

मॅडमना मी सांगितलं, की वाटप व्यवस्थित झालं. पुढच्या महिन्यासाठी नोटीस बोर्डावर एक नियम वाढवला: घरचे डबे आणू नयेत. फिटरने खाली पेन्सिलीने लिहिलं, मामा सोडून.

कारण फळीवर अजून आठ डबे आहेत. मोहरी, काबुली चणे, खाण्याचा सोडा, मिरी, असं बरंच काही लेबलांवर लिहिलंय आणि आता माझा त्यातल्या एकावरही विश्वास नाही. मी ते उघडले नाहीत. रविवारी एक डबा घेऊन जिन्यात जायचं, असं ठरलं आहे. आधी सगळ्यांनी अंदाज सांगायचा, मी तो रजिस्टरात लिहायचा, मग चिकटपट्टी कापायची.

पहिल्या रविवारी मी खाण्याचा सोडा नेला. पोस्टमननी हलवला. "वाजत नाही. गच्च भरलंय. वड्या असणार." शिंप्याने पत्र्यावर बोटं फिरवली, म्हणाला, सुयांचं पाकीट, भाऊ, आणि खाली लोकर. मेट्रनबाईंनी झाकणाच्या फटीला नाक लावलं, म्हणाल्या, "साखर आहे. मला साखरेचा वास येतो, डॉक्टर नाही म्हणतात पण येतो." हेडबाईंनी अक्षर बघून सांगितलं, की लिहिताना हात थरथरलेला नाही, म्हणजे मोठंच काहीतरी लपवलंय. मी माझा अंदाज लिहिला: पट्ट्यांचा दुसरा डबा. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून.

मेट्रनबाईंनी कात्रीने पट्टी कापली. मी झाकण काढलं. आत पांढरी पावडर होती. पोस्टमननी जिभेला लावून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

हेडबाईंनी चष्मा सारखा केला आणि लेबल पुन्हा एकदा वाचलं. "मजकूर खरा आहे," त्या म्हणाल्या.

खाण्याचा सोडाच होता.

मला आधी राग आला, मग एवढं हसू आलं की रजिस्टर पायऱ्यांवरून खाली गेलं. नुसती गंमत बघायला आलेला फिटर ते घेऊन वर आला. मी आमच्या पाचही अंदाजांवर रेघ मारली आणि खाली नोंद केली: सोडा, एक डबा. सात शिल्लक.